बंद पडलेलं कारंजं : पाणी नको, पण जागा देखणी राहावी

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यातलं. घरासमोरच्या आवारात बाबांनी घर बांधताना हौसेनं कारंजं बांधून घेतलं होतं. गोल हौद, आतून आठ फूट व्यास, दीड फूट खोल. मधोमध सिमेंटचा खांब आणि त्यावर कमळाच्या आकाराच्या दोन वाट्या, खालची मोठी, वरची लहान. हौदाचा तळ जमिनीच्या पातळीला आहे, म्हणजे काठ दीड फूट वर येतो. पश्चिमेला मोठा कडुनिंब आहे, दुपारनंतर सावली पडते.

आमच्याकडे खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यानं मोटरच्या जाळीवर, नळीत, वाट्यांच्या काठावर पांढरा थर चढत गेला. मोटर साफ करायची, पुन्हा तीच गत. बाबा होते तोवर त्यांनी ते सांभाळलं. आता हौदात पावसाचं पाणी साचतं, निंबाचा पाला कुजतो, आणि गावातल्या आशाताई दर पावसाळ्यात अळ्या दाखवून जातात. त्यांचं बरोबरच आहे.

आई गावी राहते, मी नोकरीसाठी बाहेर. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे रोजचं पाणी घालणं, वाकून साफसफाई करणं तिच्याच्यानं होत नाही. कारंजं फोडायला ती तयार नाही, मीही नाही. पाणी काढून टाकून त्या जागेची अशी काही मांडणी करायची आहे की वर्षभर दिसायला छान, डास नाहीत, आणि महिन्यातून एकदा कुणी हात फिरवला तरी पुरे. कुणी असं केलं आहे का? फोटो टाकले आहेत.


निंबोणी

किती सुंदर घडवलंय! खांबावरची वेलबुट्टी कुणी केली? अजिबात फोडू नका. हौदात माती टाकून कमळ किंवा कुमुदिनी लावली आणि गप्पी मासे सोडले तर डासांचा प्रश्न मिटेल. गप्पी मासे आरोग्य खात्याच्या हिवताप विभागाकडे चौकशी केली तर मिळतात. मोटरही नको, वीजही नको.


पूर्णाकाठ

कारागीर अंजनगावचे होते, आता हयात नाहीत. कमळाचा विचार आधी केला होता निंबोणीताई. पण पाणी बोअरचंच, आणि उन्हाळ्यात ते रोज भरावं लागेल.


मृगधारा

पाण्याचा हिशेब एकदा मांडतो म्हणजे हा पर्याय का झेपणार नाही ते दिसेल. हौदाचं तोंड साधारण ५० चौरस फूट, म्हणजे साडेचार चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटरहून जास्त उतरते. म्हणजे रोज किमान ४५ लिटर वाफ होऊन जाणार. बरं, वाफ पाण्याची होते, क्षारांची नाही. रोज खारं पाणी भरायचं, रोज फक्त पाणी उडायचं, मागे क्षार साठत जायचे. मेअखेर त्या हौदातलं पाणी बोअरपेक्षा कितीतरी खारट झालेलं असेल. कमळ त्यात तगणार नाही. गोड्या पाण्याच्या भागात, भंडारा-गोंदियाकडे, निंबोणीताईंची सूचना मी उचलून धरली असती. तिथे बोडी-तलावांचं पाणी आहे आणि पाऊसही जास्त. पूर्णेच्या खोऱ्यात नको.


मुरूमचुना

ताई, मी बांधकामातला माणूस आहे, अकोल्याकडची कामं करतो. फोटो नीट पाहिले. शोभेचं नंतर बघू, आधी पाणी कुठून जाणार ते ठरवा. हौद हा पाणी धरायला बांधलेला असतो. त्यात गोटे घाला, माती घाला, मूर्ती ठेवा, पाऊस आला की तो पाणी धरणारच. १०० मिलिमीटरचा एक दणका पाऊस झाला तर त्या तोंडातून साडेचारशे लिटरच्या वर पाणी आत येतं. वर गोटे आणि खाली पाणी, म्हणजे डासांना सावलीतली जागा, आणि वरून आईंना काही दिसणारही नाही.

मग लोक काय करतात? तळाला भोक पाडतात. तुमच्या भागात हे करू नका. खाली काळी कापसाची माती आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगांत हात जातो हे आपण सगळेच बघतो. तळाच्या भोकातून पाणी थेट हौदाच्या बुडाखाली जाईल, ती माती दर पावसाळ्यात एका बाजूनं फुगेल, हौद उचलला जाईल आणि खांब कलेल. खांबच तर वाचवायचा आहे ना.

तुमचं भाग्य असं की तळ जमिनीच्या पातळीला आहे. म्हणून भिंतीला, अगदी तळालगत, उताराच्या बाजूला हॅमर ड्रिलनं दोन इंची पाइप जाईल एवढं भोक पाडा. पीव्हीसी पाइप बसवा, सभोवती सिमेंटनं भरा, आणि पाइप उतार देत हौदापासून दहा-पंधरा फूट लांब न्या. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही तोंडांना जाळी. बाहेरची जाळी विसरू नका, नाहीतर बेडूक आत जातो आणि त्याच्या मागे साप.

दुसरं, काळी माती आत भरायची नाही. शेतातून फुकट मिळते म्हणून लोक तीच टाकतात. ती फुगली की भिंतीला आतून रेटा देते. दीड फुटाची भिंत, बहुतेक चार इंची विटांची, हा रेटा फार वर्षं सहन करत नाही. मुरूम वापरा. पूर्ण हौद भरायचा तर ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास माल लागेल. पण पूर्ण भरायची गरज नाही.


वखरपास

मुरूमचुना भाऊ बरोबर सांगून राह्यले. आमच्या गावात एकानं असंच जुन्या टाक्यात वावरातली माती भरली, गुलाब लावले. दोन पावसाळे बरं चाललं, मंग भिताडच फाटलं. काया मातीले कोंडून ठेवाचं नसते बाप्पा.

मले एक विचाराचं होतं. वाट्याइचं काय? त्याइच्यातही पाणी थांबनच ना. तिथं भोक पाडलं तं सिमेंट तडकन.


मुरूमचुना

चांगला प्रश्न. वरच्या वाटीला भोक पाडायची गरजच नाही, ते आधीपासून आहे. मोटरचं पाणी वर नेणारी नळी खांबाच्या पोटातून जाऊन वरच्या वाटीच्या मधोमध निघते. ती नळी वाटीच्या तळाशी बरोबर समतल कापायची. मोटरकडचं खालचं टोक मोकळं सोडायचं. ज्या नळीनं पाणी वर चढायचं, त्याच नळीनं आता पावसाचं पाणी खाली हौदात उतरेल आणि हौदातून पाइपानं बाहेर. तोंडावर स्टीलच्या जाळीचा गोल तुकडा. पण आधी नळीत साठलेला क्षार काढावा लागेल. लांब तारेला कापड गुंडाळून फिरवा. टाइल्स धुवायचं ॲसिड ओतू नका. क्षार निघेल, पण त्याबरोबर सिमेंटही खाल्लं जाईल आणि वेलबुट्टी खरखरीत होईल.

खालची मोठी वाटी मात्र खांबाला वेढून आहे, तिला छोटं भोक लागेल. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नुसतं फिरवायचं. आठ मिलिमीटरच्या बिटनं सुरुवात करून हळूहळू मोठं करत जायचं, खालून लाकडी फळीचा आधार देऊन. वाटीच्या कडेपासून दूर, खांबाजवळ. घाई केली नाही तर तडकत नाही.

आणि मोटरची वायर! नुसती कापून टेप मारून ठेवू नका. घरातल्या बोर्डापासून सोडवून पूर्ण ओढून काढा. ओल्या जमिनीत जिवंत वायर राहिली तर काय होतं ते सांगायला नको.


निंबोणी

मुरूमचुना, फार छान समजावलंत, कमळ मी मागे घेते. हौदात खाली वितभर गिट्टीचा थर द्यायचा ना? कुंडीत आपण देतो तसा, म्हणजे निचरा होतो.


मृगधारा

गिट्टी द्यावी, पण तिचं काम वेगळं आहे. बारीक मातीखाली जाड गिट्टी असली की पाणी चटकन खाली उतरतं असं वाटतं. प्रत्यक्षात बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते, आणि ती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत पाणी खालच्या मोकळ्या गिट्टीत उतरत नाही. म्हणून कुंडीत तळाला खडे घातल्यानं उलट मुळांच्या वाट्याची कोरडी माती कमी होते. कुंडीत निचरा हवा असेल तर मातीच मोकळी करा.

हौदात गोष्ट निराळी. तिथे गिट्टी पाइपाच्या तोंडापाशी हवी, तोंड गाळानं बुजू नये म्हणून. तळाला जुन्या विटांचे तुकडे किंवा घराच्या दुरुस्तीतला मलबा टाकला तरी चालेल, सहा-आठ इंच. त्यावर शेडनेटचा जुना कपडा दुहेरी करून अंथरा म्हणजे मुरूम खाली झिरपून पोकळी भरणार नाही. मग मुरूम, मग गोटे. माल कमी लागेल.


मुरूमचुना

मान्य. त्यात एक भर. मुरूम धुम्मसनं ठोकला की घट्ट बसतो, मोठ्या पावसात पाणी त्यावरूनच वाहतं. म्हणून मुरमाच्या माथ्याला खांबापासून काठाकडे थोडा ढाळ द्या आणि त्या पातळीला भिंतीत आणखी एक लहान भोक ठेवा. खालचं तोंड मुरलेल्या पाण्यासाठी, वरचं वाहत्या पाण्यासाठी. काम झाल्यावर गोटे टाकायच्या आधी दहा-बारा बादल्या ओतून बघायच्या. तासाभरात कुठे डबकं राहिलं तर तेव्हाच दुरुस्त होतं, नंतर सगळे गोटे उपसावे लागतात.


रानजाई

मी वर्ध्याची, घरी रसरशीत पानांची झाडं बरीच आहेत म्हणून झाडांचं सांगते.

पुस्तकात आणि व्हिडिओत दिसतात ती गुलाबाच्या आकाराची नाजूक सक्युलंट आपल्या मे महिन्यात टिकत नाहीत. पारा ४५ च्या वर गेला, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, की ती झाडं शिजल्यासारखी मऊ पडतात. निवडुंगही उघड्या उन्हात भाजतात, एका बाजूनं पिवळे पडतात. तुमच्याकडे दुपारनंतर निंबाची सावली आहे ही मोठी जमेची बाजू. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली यापेक्षा चांगली जागा नाही.

माझी निवड अशी असेल. वरच्या वाटीत एकच अडेनियम. बुंधा फुगीर असतो, पाणी साठवतो, उन्हाळ्यात फुलतं. हिवाळ्यात पानं गळाली तर मेलं समजून पाणी वाढवू नका, तेव्हा तर पाणी अगदी कमी लागतं. खालच्या वाटीत ऑफिस टाइम, म्हणजे सकाळी उमलून दुपारी मिटणारी ती फुलं. काठावरून खाली लोंबतात, पाण्याच्या जागी फुलं ओसंडताना दिसतील. खारेपणा बऱ्यापैकी सोसतात. तुटलेली काडी खोचली तरी लागते, म्हणून आईंना हवी तेव्हा भर घालता येईल.

हौदात थेट काही लावू नका. कुंड्या गोट्यांत काठापर्यंत बुडवून ठेवा. झाड मेलं, किडलं, नाही आवडलं, कुंडी उचलली की झालं. कोरफड, सर्पपर्णी (स्नेक प्लांट), एखादं घायपात. घायपाताच्या पानाच्या टोकाला सुईसारखा काटा असतो, ते काठापासून लांब, खांबालगत ठेवा आणि टोकं कात्रीनं उडवा. शेर लावू नका. त्याचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, दिसायचं बंद होतं काही वेळ. अडेनियमचा चीकही विषारी आहे, छाटताना हातमोजे.

मिश्रण : एक भाग चाळलेली माती, एक भाग जाड वाळू किंवा चुरी, एक भाग विटांचा चुरा. शेणखत मूठभर, जुनं. पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा, तेही जमल्यास छताचं साठवलेलं पावसाचं.


पूर्णाकाठ

रानजाई, आईला हे वाचून दाखवलं. ऑफिस टाइम ऐकल्यावर तिचा चेहरा खुलला, तिच्या माहेरी ओसरीच्या कडेनं तीच होती. ती म्हणाली, पांढरे गोटे आण, देवळात असतात तसे चकचकीत. कसे राहतील?


सालईबन

पांढरे गोटे पहिले दोन महिने फार सुंदर दिसतात. मी परतवाड्याचा, माझ्या बहिणीकडे आहेत. तुमच्याकडे नांगरटीच्या दिवसांत काळ्या मातीची धूळ उडते, ती पांढऱ्यावर चढते. पावसाळ्यात सावलीच्या बाजूला हिरवं शेवाळ. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब पानं गाळतो तेव्हा ती बारीक पिवळी पानं छोट्या गोट्यांच्या फटीत बसतात, एकेक वेचावी लागतात. आईंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. मुठीएवढे, गुळगुळीत, करडे-तपकिरी गोटे घ्या. त्यावरून खराटा फिरतो, पाला निघतो, धूळ दिसत नाही. आईंसाठी पांढऱ्यांचा एक पट्टा खांबाभोवती करा, तेवढा धुता येतो.

गोटे नदीतून ट्रॉलीनं भरून आणू नका. वाळू-गोटे गौण खनिज आहेत, महसूल खात्याच्या परवान्याशिवाय उचलता येत नाहीत. साहित्य विकणाऱ्याकडून पावती घेऊन आणा. मेळघाटातून तर एक दगडही नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. गोट्यांचे ढीग, उंचवटे, ‘डोंगर’ करू नका. दगडांच्या सांदीत विंचू राहतो, उंदीर राहतो, उंदरामागे नाग, मण्यार, घोणस येतात. आपल्या भागातल्या प्रत्येक गावाला सर्पदंशाचा अनुभव आहे. गोटे एकाच थरात, खाली मुरूम घट्ट, मोठ्या फटी नकोत. काठाबाहेर तीन-चार फूट जमीन मोकळी आणि स्वच्छ ठेवा, झुडूप नको. पाला काढताना हात घालायचा नाही, लांब दांड्याचा खराटा. संध्याकाळनंतर त्या बाजूला जाताना बॅटरी. कुंडी उचलायची असेल तर आधी काठीनं हलवून मग.


जवसफूल

वेगळी कल्पना सुचवते. झाडं मोजकी ठेवा आणि बाकी जागेत घरातली जुनी अवजारं मांडा. शेतकऱ्याच्या घरी आडगळीत काय काय असतं! पेरणीची तिफण, तिच्यावरचं बी सोडायचं चाडं, डवरा, वखराची पास, जातं, उखळ, पाटा-वरवंटा. दगडी वस्तूंना तर काहीच देखभाल नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी नंदी घेऊन येतात. अशा ठिकाणी तो नंदीही किती शोभेल.

लाकडाला मात्र दोन शत्रू, पाणी आणि उधई. बाभळीची तिफण असली तरी थेट मातीवर किंवा मुरमावर टेकवू नका, खाली दगड द्या, चारही बाजूंनी वारा खेळू द्या. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, कच्चं जवसाचं तेल कापडानं चोळायचं. आपल्याकडे जवस पिकतो, घाणीवर तेल मिळतं. पहिला हात लाकूड लगेच पितं. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. तासाभरानं वर राहिलेलं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट थर होतो आणि धूळ बसते. ते तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडली की फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उन्हात दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.


वखरपास

जवसफूल ताई, मस्त! माह्या बाबाची तिफण अजून गोठ्यात हाय. सरतं लावून पेरायचे ते, चाड्यावर मूठ धरली की दाणा कसा सारखा पडे. आता ट्रॅक्टरनं पेरतो, पोराइनं तिफण पाह्यलीच नाही. अशी समोर मांडली तं विचारतील तरी.


मृगधारा

अवजारांची कल्पना उत्तम, एक धोका लक्षात आणून देतो. उखळ. त्याचा खड्डा म्हणजे हातभर वर आणलेलं डबकं. डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ, लहान पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आणि अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या काठालगत भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात, पुन्हा पाणी लागलं की अळ्या निघतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, आतून घासावं लागतं. उखळ उपडं ठेवा, किंवा काठोकाठ चुरीनं भरा आणि वर एक गोटा बसवा. चाडं उपडं. जात्याच्या वरच्या पाळ्यातलं तोंड खालच्या पाळ्यावर बसतं, तिथं साचत नाही, पण एकदा पावसानंतर पाहून घ्या.

हेच पक्ष्यांच्या पाण्याला. कुणीतरी सुचवेलच म्हणून आधी सांगतो : कारंज्यात नको. ठेवायचं तर ओट्यावर, आईंच्या हाताच्या उंचीला, मातीचं पसरट भांडं, दोन इंचांपेक्षा उथळ, रोज ओतून घासून भरायचं. उन्हाळ्यात चिमण्या-साळुंक्यांना त्याची फार गरज असते.


निंबोणी

मीच सुचवणार होते! ओट्यावरचं पटलं. आईंनाही बसल्या जागी पक्षी दिसतील.


रानजाई

पाइपाचं पाणी जिथे सुटतं तिथे काय आहे ताई? मोकळी जमीन असेल तर वाळा लावा. पावसाळ्यात पायाशी पाणी साचलेलं चालतं, पुढे आठ महिने कोरडं चालतं, खारी जमीनही सोसतो. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. दोनेक वर्षांनी मुळं काढता येतात, माठात टाकायला घरचा वाळा. कूलरच्या ताट्यांपुरता मात्र निघणार नाही, तेवढ्याला बरीच लागवड लागते.


पूर्णाकाठ

सगळ्यांना उत्तर एकत्र देते. मे महिन्यात सुट्टी घेऊन गावी गेले आणि काम करून घेतलं.

पाइप घातला, आग्नेयेला उतार निघाला. मुरूमचुनांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या वाटीतली नळी समतल कापली. आत एवढा क्षार बसला होता की करंगळी जाईल एवढीच जागा उरली होती. तारेनं खरवडल्यावर पांढऱ्या कपच्या निघाल्या, दातांच्या किटणासारख्या घट्ट. खालच्या वाटीला मिस्त्रींनी हॅमर बंद करून सावकाश भोक पाडलं, आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती, तडा गेला नाही. तळाला पडवीच्या जुन्या फरशीचा मलबा, वर शेडनेट, वर मुरूम ठोकला. बादल्या ओतून पाहिलं तर खांबाच्या उत्तरेला पाणी थांबत होतं, तिथे आणखी घमेलंभर मुरूम लागला.

अवजारांबद्दल आईशी बोलले. तिफण घरात नाही, बाबांनी कधीच देऊन टाकली होती. पण आजीचं जातं आणि उखळ होतं. जातं खांबाच्या पूर्वेला, उखळ चुरी भरून पश्चिमेला. उखळाच्या काठावर एका बाजूला झिजून खोलगट झालंय, मुसळ तिथेच घासायचं, ते आई येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. चार कुंड्या, त्यात घायपात एकच आणि टोकं उडवलेलं. पांढऱ्या गोट्यांचा पट्टा हवाच होता तिला, वीतभर रुंदीचा केला. जुनी वायर बोर्डापासून काढली.


मुरूमचुना

नळीचा फोटो पाहिला, खारपाणपट्ट्यात मोटरा का बसतात ते त्यात दिसतं. पाऊस सुरू झाला की एकदा कळवा. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपाचं बाहेरचं तोंड बघायचं. मुरमाचा लालसर गढूळ गाळ थोडा येणारच, दोन-तीन पावसांनी स्वच्छ व्हायला हवं. येतच राहिला तर शेडनेट कुठेतरी सरकली आहे असं समजा.


पूर्णाकाठ

जुलैअखेरचा अहवाल. दोन मोठे पाऊस झाले. पहिल्यात लाल पाणी आलं, दुसऱ्यात जवळजवळ नितळ. आशाताई येऊन गेल्या, वाट्या, उखळ, कुंड्यांखाली सगळीकडे बॅटरी लावून पाहिलं, अळी नाही. कुंड्यांना खाली ताटल्या ठेवू नका म्हणाल्या, त्या ठेवलेल्याच नाहीत. ऑफिस टाइम लोंबायला लागलंय. एक कोरफड पावसानं सडली, कुंडीच उचलून पडवीत नेली.

एक नवीन गोष्ट : निंबोळ्या पडून गोट्यांमध्ये निंबाची रोपं उगवतायत, शेकड्यानं. तणनाशक मारावं का?


सालईबन

तणनाशक नको, कुंड्यांतली झाडं जातील, आणि बाहेर वाळा लावला असेल तर तोही. निंबोळीचा जीव फार दिवसांचा नसतो, दोन-तीन आठवड्यांत उगवली तर उगवली, नाहीतर गेली. म्हणून त्रास जून-जुलैपुरताच. पाऊस पडून गेल्यावर रोपं दोन पानांची असताना लांब दांड्याच्या खुरप्यानं ओढली की मुळासकट येतात, मुरमात अजून पकड नसते. महिनाभर सोडली तर सोटमूळ शेडनेटपर्यंत जाईल. आणि पुढल्या वर्षी निंबोळ्या पडायच्या दिवसांत जुनी शेडनेट किंवा साडी गोट्यांवर अंथरून ठेवा, आठवड्यानं गोळा करून घ्या. निंबोळ्या वाळवून कुटल्या तर शेतात फवारणीला अर्क होतो.


वखरपास

निंबोया फेकू नोका ताई. पाच किलो कुटून रातभर पाण्यात भिजवाच्या, सकायी फडक्यातून गायाच्या, शंभर लिटर पाणी कराचं, पाच टक्के अर्क झाला. कपाशीवर मावा-तुडतुडे आले की पयली फवारणी त्याचीच.


हिवरखेडी

धागा आज सापडला. आमच्या शाळेच्या आवारात असाच बंद हौद आहे, पण चौकोनी, १० बाय ६ फूट, दोन फूट खोल, आणि तळ जमिनीच्या खाली आहे. भिंतीतून पाइप काढता येणार नाही. काय करावं?


मुरूमचुना

तळ किती खाली आहे आणि आवाराचा उतार कुठे आहे ते आधी सांगा. दहा-वीस मीटरमध्ये जमीन तेवढी खाली उतरत असेल तर चर खोदून पाइप नेता येईल. उतार नसेल तर हौद मलबा-मुरमानं काठापर्यंत भरून वर काँक्रीटचा ढाळदार थर द्या, पाणी आत जाऊच द्यायचं नाही, सगळी मांडणी वर करायची. शाळा आहे म्हणून काटेरी आणि चीक असलेलं एकही झाड नको. फोटो टाका, माती काळी की मुरमाड तेही कळवा.